अँटेना धरायचा नंबर तुझा होता

रत्ना,

एकदा मी एका जिवंत माणसाचा दहावा घातला होता. तुला ठाऊकच आहे, पातेलं तूच धरलं होतंस. पण आता वाचणाऱ्यांनाही कळू दे. गावातली पोरं जिला मोठी आजी म्हणून वाकून नमस्कार करतात, ती बाई तरुणपणी केवढी बावळट होती ते.

माणूस म्हणजे आपले सोमेशराव, ‘ध्रुवयान’चे कप्तान. दर रविवारी सकाळी टीव्हीवर ती मालिका लागायची. त्या रविवारी सोमेशराव यानाबाहेर काहीतरी दुरुस्त करायला गेले, दोर तुटला आणि काळ्याकुट्ट आभाळात लांब लांब जात ते ठिपक्याएवढे झाले. पुढच्या रविवारी वीज नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारी बघतो तर त्यांच्या खुर्चीत दुसरीच बाई बसलेली. मला वाटलं, संपलं. नुसते सोमेशराव नव्हे, त्यांचं काम करणारा तो देखणा माणूसही गेला असणार. नाहीतर हातची खुर्ची कोण सोडतं? दहावी पास होते ना मी! घरात सगळ्यांत शिकलेली. अशा माणसाचा मूर्खपणा फार लांबवर जातो, कारण वाटेत त्याला कोणी अडवत नाही.

मी म्हटलं, याच्या मागे कोण आहे? बायको कधी दाखवली नाही, आईबापाचा पत्ता नाही. मग याचं कोण करणार? पुरुषमाणसं शेतावर गेल्यावर आपण दोघी नदीवर गेलो. भाताचा गोळा, वर दही, काळे तीळ. शिवाय यानातली माणसं आपल्यासारखी भात-भाकरी खायची नाहीत, गोळ्या गिळायची. म्हणून मी मामंजींची डोकेदुखीची गोळी पानावर ठेवायला आणली होती. तू माझा हात धरलास. “आक्का, कावळा मरंल की. मग त्याचा दहावा कुणी घालायचा?” शेवटी लिमलेटची गोळी ठेवली.

कावळा काही शिवेना. गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय, म्हटल्यावर शब्द द्यायला हवा. मी हात जोडून सांगून पाहिलं, की यान सुखरूप घरी पोचवू, यानाच्या जिवावर उठलेल्या त्या निळतोंड्यांना धडा शिकवू. जशी काही मीच पदर खोचून वर जाणार होते. कावळा आपला झाडावर. मग तू पुढे झालीस. नवी नवरी तू, अजून हातातला चुडा तसाच. म्हणालीस, “सोमेशराव, काळजी करू नगा. ही मालिका आमी शेवटपत्तुर बघू. एकबी भाग सोडणार न्हाई.” आणि कावळा उतरला! आधी लिमलेटची गोळी उचलली, मग भात.

पुढे थोड्याच दिवसांत सोमेशराव परत आले. दाढी वाढलेली, पण जिवंत. मी टीव्हीसमोर दगडासारखी बसले होते आणि तू पोट धरून हसत होतीस. “आक्का, तुमी ज्याला जेवू घातलं त्यो आला बगा. अंगानं चांगला भरलाय!”

तेव्हापासून आपण त्या शब्दाला बांधलो गेलो. शब्द दिला तू आणि त्याला सोबत करावी लागली मला. आता तू निघून गेलीस. धाकटी जाऊ असून थोरलीच्या आधी. रांग मोडलीस तू, रत्ने. एसटीत चढताना मागच्या बायकांना ‘नंबरानं या’ म्हणून दटावणारी तू!

मालिका आवडणं वेगळं आणि तिच्यासाठी राबणं वेगळं. आताच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. आपलं कोळवणचं घर पडलं खोलगटात, चहूकडे डोंगर. मामंजींनी टीव्ही आणला बातम्यांसाठी, आणि बातम्यांत दिसायच्या नुसत्या मुंग्या. चित्र यायचं ते गोठ्यामागच्या टेकाडावर बांबू रोवून, त्याला अँटेना बांधली तरच. वायर तिथून कौलांवरून घरात. पण खिंडीतून वारं सुटलं की बांबू फिरायचा आणि सोमेशराव मुंग्यांत बुडायचे. तारेनं घट्ट आवळू, आवळू, असं मामंजी सगळी वर्षं म्हणत राहिले. तेव्हा कुणीतरी वर उभं राहून बांबू धरायचा, हाच उपाय. पुरुषांना आपलं ते खूळ वाटायचं, पोरांना वारं आवरायचं नाही. राहिलो आपण दोघी. एका रविवारी तू वर, एका रविवारी मी.

“आलं का?” वरून.

“आलं! हलवू नका!” खालून.

“आता?”

“मुंग्या! डावीकडं! तुमच्या डावीकडं न्हाई, टीव्हीच्या!”

म्हणजे ‘ध्रुवयान’ आपल्यापैकी एकीनंही पुरतं पाहिलेलं नाही. अर्धं डोळ्यांनी पाहिलं, अर्धं कानांनी. वर उभी राहणारीला खालचीनं आख्खा भाग सांगायचा, हा नियम. नदीवर धुणं आपटताना सांगायचा, नाहीतर भात लावताना. आवणीला बायकांची ओळ वाकलेली असायची आणि तिच्यातून आपलं यान चालायचं. गुडघाभर चिखलात उभ्या राहून बाया विचारायच्या, “मग त्या कुकरचं काय झालं?” कुकर म्हणजे यानातला यंत्रमाणूस. त्याला दुसरं काहीतरी भारदस्त नाव होतं, पण डोक्यावर शिट्टी आणि तोंडातून वाफ, तर बायका काय म्हणणार?

आता तू नाहीस म्हणून सांगते. मी सांगितलेल्या भागांतलं पुष्कळ मी पदरचं घातलेलं होतं. हिंदी मला येतं असा माझा तोरा होता, पण ती माणसं इतकी भराभर बोलायची की निम्मं डोक्यावरून जायचं. एकदा निळतोंड्यांची राणी अख्खा भाग का चिडलीय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुला ठोकून दिलं, की तिला मूल होत नाही म्हणून घरचे टोमणे मारतात. त्यावर सगळ्या ओळीनं हळहळ केली. तू तर पुढच्या रविवारपासून राणीच्या बाजूला गेलीस. “तिचं काय चुकलं? तिला कोन इचारतंय का, बाई जेवलीस का म्हणून?” आपणच पेरलेलं, उपटणार कसं?

पण तूही पदरचं घालत असणार, हा संशय मला तिथूनच आला.

तू या घरात आलीस तो दिवस मी कसा घालवला, तेही आज लिहून टाकते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे नव्या नवरीचं दारात करायचं सगळं थोरली जाऊ म्हणून माझ्याकडे. मी आठवडाभर घोकत होते. आधी भाकरतुकडा, मग पायावर पाणी, मग माप, मग नाव घ्यायला लावायचं, अडून बसली तर काय चिमटा काढायचा तोसुद्धा ठरवलेला. तुझ्या माहेराहून, मुठ्याहून तुमचा टेम्पो निघाला आणि घाटात बंद पडला. वऱ्हाड आलं ते दिवेलागणीला. दारात माणसांची ही गर्दी. तू उतरलीस. तोंड एवढंसं झालेलं, ओठ सुकलेले, मुंडावळ्या एका कानावर. तुला आई नव्हती, हे मला लग्न ठरताना कळलं होतं. तुला बघितलं आणि मी घोकलेलं सगळं विसरले. हातातलं ताट खाली ठेवून म्हणाले, “ये. हात-पाय धू, वाढते.”

तू निमूट आत आलीस, माप बाजूला ठेवून. मग ओरडा झाला. चुलतसासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, “अगं, माप लवंडलं न्हाई, नाव घेतलं न्हाई, आन् ही जेवायला काय घालतीया! हिचा पाय ठरायचा न्हाई या घरात!” पुढे कितीतरी वर्षं मला त्यावरून ऐकावं लागलं. पाय मात्र ठरला. सगळ्यांपेक्षा जास्त ठरला.

तर तो शेवटचा भाग. पहिल्या ‘ध्रुवयान’चा. त्या दिवशी अँटेना धरायचा नंबर तुझा होता. पण तुझ्या पोटात तेव्हा तुझी लेक होती, आपल्या सईची आई, महिने भरत आले होते, आणि वारं असं की उभ्या माणसाला लोटून देईल. मी म्हटलं, तू बस खाली. तू म्हणालीस, “आक्का, शेवटचा हाय. तुमी बगा.” मी म्हटलं, “आणि तू वरून गडगडत आलीस तर सोमेशराव येणार आहेत का उचलायला?” मी गेले. बांबूला मिठी मारून उभी राहिले. खालून एकदाच आवाज आला, “आलं, आता हलू नका!” त्यानंतर काहीच नाही. मी हलले नाही. नाकावर माशी बसली तरी हलले नाही.

मग तू बाहेर आलीस. डोळे पुसत होतीस आणि तोंडभर हसत होतीस. “आक्का! आला घरी!”

तू सांगितलंस ते असं. सोमेशरावांनी यान पृथ्वीकडे वळवलं. मोठा उजेड झाला. काही दिसेना. मग त्या उजेडातून पायवाट दिसली, पायवाटेच्या टोकाला साधं कौलारू घर, आणि दारात त्यांची म्हातारी आई. एवढी वर्षं आभाळात भटकून आलेला लेक, पण तिनं रडारड केली नाही, कुठे होतास विचारलं नाही. नुसती म्हणाली, ये. हात-पाय धू, वाढते. आणि समाप्त.

मी तिथूनच, टेकाडावरून तुझ्याशी भांडले. “आई? आजपर्यंत कधी आईचं नाव काढलं नाही, ती शेवटच्या भागात कुठून उगवली?”

“घरीच व्हती. दाखवली न्हवती.”

“आणि मराठीत बोलली? हिंदी मालिकेत?”

“तिला हिंदी येत नसंल, आक्का.”

पण मी बोलतच राहिले. भात झोडताना बोलले, पापड लाटताना बोलले, तुझ्या लेकीच्या बारशाला बोलले. पुढे बाकीचे सगळे भाग पुन्हा लागले, शेवटचा तेवढा नाही. रीळ खराब झालं म्हणे. मग केबलवर नवं ‘ध्रुवयान’ आलं, नवी माणसं, नवं यान. ते संपलं, तिसरं आलं. आता फोनवर चौथं चाललंय, त्यात कप्तान एक टक्कल केलेली पोरगी आहे आणि कुकर चांगला गुळगुळीत झालाय. मालिका संपायचं नाव घेत नाही आणि आपल्याला तर शेवटपर्यंतचा शब्द. पण शेवटच्या भागाचं भांडण जिथल्या तिथे. तू म्हणायचीस आई होती, मी म्हणायचे तू रचलंस.

हे भांडण चारचौघांत गेलं ते मेघनामुळे. खालच्या अंगाला शेतं विकली गेली, तिथं शहरातल्या लोकांची फार्महाउसं झाली. त्यातल्या एकात तू शनिवार-रविवार स्वयंपाकाला जायचीस. मीही यायचे, मदतीच्या नावाखाली चकाट्या पिटायला. एकदा शहराकडच्या, सूसच्या सोसायट्यांतली कॉम्प्युटरवाली तरुण मंडळी उतरली होती. एक पोरगी पिठलं वाढून घ्यायला पुढे आली, तर तिच्या टी-शर्टवर आपलं यान!

तू पळी तशीच धरून विचारलंस, “ए पोरी, कुकर कुटंय यातला?”

“कुकर?”

“वाफ सोडणारा गं. शिट्टीवाला.”

ती मेघना. हातातली ताटली खाली ठेवून किंचाळली. ही सगळी ‘ध्रुवयान’ची वेडी माणसं निघाली. वर्षातून एकदा जमायची, जुने भाग बघायची, कप्तानासारखे डगले घालायची. आपल्याला वाटत होतं, खोऱ्यात आपण दोघीच खुळ्या आहोत. तर गावोगाव पसरलेलं गणगोत निघालं. यांच्यातल्या कितीजणांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता. आईबापांनी सांगितलेल्यावर जीव लावून बसलेली पोरं.

“आजी, सिरियसली? तुम्ही लास्ट एपिसोड बघितलाय? लागला तेव्हाच?”

“बघितलाय म्हंजी? ह्या डोळ्यांनी. ही आक्का तवा टेकाडावर व्हती.”

मग तू सांगितलंस. उजेड, पायवाट, दार, आई. ऐकून निम्मी मंडळी रडली आणि निम्मी भांडायला लागली. मेघनाचे वडील म्हणे ठामपणे सांगायचे, की यान उजेडात विरघळतं आणि संपतं, पुढे काही नाही. त्यांच्यात त्या दिवशी दोन तट पडले, आईवाले आणि उजेडवाले. मी? मी उजेडवाल्यांत गेले. सख्ख्या जावेविरुद्ध. तू लांबून माझ्याकडे बघून पदरात हसलीस. आपल्या वयाच्या बायकांना देवळात बसायला जागा करून देतात, आपल्याला त्या पोरांनी दरवर्षी पहिल्या रांगेत बसवलं. ते सुख मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आता दाखवते, लई बरं वाटायचं गं.

आणि यंदा मेघनाचा फोन आला. त्यांच्यातल्या समीरला मामाच्या माळ्यावर एक व्हिडिओ कॅसेट सापडली होती. वर लिहिलेलं, ‘ध्रुवयान, शेवटचा भाग’. ती फोन-कॉम्प्युटरवर दिसेल अशी करून आणायला दिली होती. येत्या मेळाव्यात सगळ्यांनी मिळून बघायची.

तेव्हा तू दवाखान्यात होतीस. आधी पोटदुखी म्हणून गेलीस आणि मग ते वेगळंच निघालं. सई, तुझी लेकीकडची नात, अकरावीसाठी आपल्याकडे राहते ती, तुझ्या उशाशी बसून फोनवर चौथं ‘ध्रुवयान’ लावायची. तू म्हणायचीस, “ह्या टकलीला कुणीतरी टोपी घाला, वर गार असतंय.” मी आले की सईला चहाला पाठवायचीस.

मी कॅसेटचं सांगितलं. तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं, सापडलीस. म्हटलं, “रत्ने, आता तरी खरं सांग. आई होती का?”

एक डोळा उघडलास. “टेप येतीया न्हवं? मग बगा की.”

“तू पण बघशील.”

“बगीन. न्हाईतर तुमी बगा आन् मला सांगा. आपलं ठरलेलंच हाय.”

त्या आठवड्यात तू गेलीस.

दहाव्याला नदीवर सगळं गाव होतं. मी मनातल्या मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. कावळा अडणार याची मला खात्री. इतक्या वर्षांचं भांडण अर्धं टाकून गेलेली बाई, ती काय सहज सुटते? मी पुढे होऊन सांगणार होते, रत्ने, काळजी करू नको, टेप मी बघीन आणि जे दिसेल ते तुला सांगीन. पान मांडताना कोणाचं लक्ष नाही असं पाहून एक लिमलेटची गोळीही ठेवली. आणि तुझ्या लेकानं हात जोडले न जोडले तोच कावळा आला! मी तोंड उघडायच्या आत गोळी उचलली, भाताला चोच मारली आणि गेला. लोक म्हणाले, पुण्यवान बाई, कशातच जीव अडकला नव्हता. मला मात्र अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढी घाई? माझ्या शब्दाची गरजच नव्हती तुला?

मग मला मेळाव्याची धास्ती पडली. खरं सांगते. टेपमध्ये आई नसली, तर सगळ्यांसमोर तू खोटी ठरणार, आणि तुझी बाजू मांडायला तू नाहीस. असली, तर मी खोटी. त्याचं काही नाही, पण कबूल कोणापुढे करायचं? हरायलासुद्धा समोर माणूस लागतं, रत्ने. जाऊच नये असं ठरवलं. गुडघ्याचं कारण सांगितलं. सईनं माझी चप्पल आणून दारात ठेवली आणि म्हणाली, “मोठी आजी, कावळ्याला शब्द दिलाय ना तुम्ही दोघींनी? एकही भाग सोडणार नाही म्हणून? मग हा तू बघितलेलाच नाहीस.”

तुझीच नात ती.

फार्महाउसच्या मोठ्या खोलीत भिंतीला पांढरं कापड लावलेलं. पहिल्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी, वर शेवंतीचं फूल. मेघनानं मायेनं ठेवलेलं, पण मला ते बघवेना. फूल केसांत घातलं आणि खुर्चीत सईला बसवलं.

सुरू झालं. तेच गाणं, तेच यान, कडेनं हलणारं चित्र. एका कोपऱ्यात थोड्या मुंग्या आल्या, तर मी मोठ्यानं म्हणाले, “डावीकडं!” सगळे हसले. मी हसले नाही. जो भाग मी टेकाडावर वाऱ्यात उभी राहून तुला दाखवला, तो मी पहिल्यांदा बघत होते. सोमेशराव किती तरुण होते गं. आपण त्यांना अहो-जाहो करायचो, आता ते माझ्या लेकाएवढे दिसतात. त्यांनी यान वळवलं. कुकरनं शेवटची शिट्टी दिली. उजेड झाला. पडदाभर उजेड. सईनं माझा हात घट्ट धरला.

आणि उजेडातून एक जाड बाई आली. हातात हळदीची वाटी. मागे बँड. तिनं पाटावर बसलेल्या एका नवऱ्या मुलाच्या गालाला खसाखस हळद फासली.

खोलीत आरडाओरडा. समीर उठून उभा राहिला, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. “सॉरी, सॉरी... हे माझ्या मामाचं लग्न आहे. त्याच कॅसेटवर घेतलंय वाटतं. ही मोठी मावशी.”

रत्ने, मी इतकी हसले, इतकी हसले, की मेघना पाणी घेऊन आली. कधी हसण्याचं रडणं झालं ते माझं मलाच कळलं नाही. सुटलीस तू! गेल्यावरसुद्धा सापडली नाहीस. म्हणून कावळा तसा लगबगीनं आला काय? तुला ठाऊक होतं वाटतं.

पोरं हिरमुसून बसली. एवढ्या लांबून आलेली, एवढी वर्षं वाट पाहिलेली. उजेडवाले हळूच म्हणायला लागले, उजेड तर झालाच ना, म्हणजे तोच शेवट. मग मेघना माझ्या पायाशी येऊन बसली. “आजी, तुम्ही सांगा ना. पुढे काय झालं?”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. उजेडवाल्यांना खात्री होती, मी त्यांचीच. माझ्या एका शब्दानं भांडण मिटलं असतं. मलाही वाटत होतं, अजूनही वाटतं, की तू रचलंस. पण म्हटलं, मी काय पाहिलं होतं त्या दिवशी? बांबू. आणि तुझं तोंड. तोंडभर हसू आणि गालावर पाणी. पडद्यावर नुसता उजेड बघून कोणाचं तोंड असं होत नाही.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, “मी पाहिलं नाही. माझ्या जावेनं पाहिलं. तिनं पाहिलेलं ते मी पाहिलेलं, असा आमचा नियम आहे.” आणि सांगितलं. तू सांगायचीस तसंच, हात पुढे करून. उजेड ओसरला. पायवाट दिसली. कौलारू घर. दारात म्हातारी आई. रडली नाही, विचारलं नाही. ये. हात-पाय धू, वाढते.

समीर चष्मा पुसत होता. एक दाढीवाला उजेडवाला उठला आणि मुकाट्यानं आईवाल्यांच्या बाजूला जाऊन बसला. मागून कोणीतरी आपल्या पोरीला मांडीवर घेऊन पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलं, आणि त्या सांगण्यात म्हातारीच्या हातात कंदील आला. मी टोकलं नाही. घालू दे पदरचं. अशानंच टिकतं.

तर आता कामाचं बोलू. टकलीचा नवा भाग येतो दर शुक्रवारी. मी आणि सई बघतो. अँटेना धरायचा तुझा एक नंबर तेव्हाचा राहिलाय, तो आता पुरा कर. धर बांबू, वारं असलं तर घट्ट धर. मध्येच ओरडून विचार, आलं का म्हणून. मी खालून सांगत जाईन. काय झालं, कोण परत आलं, कुकरनं काय केलं. थोडं खरं, थोडं पदरचं. तुला कळणार नाही कुठलं कुठलं. तुझ्यावर माझा एवढा सूड बाकी आहेच.

मेळाव्याहून परत येताना उन्हं उतरली होती. सई बांधावरून माझ्या पुढे चालत होती. खोलीतून निघाल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती. मला वाटलं, आजीची आठवण येत असेल, बोलू नये. आपलं घर दिसायला लागलं तशी ती थांबली, मागे वळली, आणि तुझ्यासारखाच एक डोळा बारीक करून म्हणाली:

“मोठी आजी, तू चुकीचं सांगितलंस. आजी मला सांगायची तेव्हा दारात त्याची आई नसायची, त्याची थोरली जाऊ असायची. मी म्हणायचे, अगं आजी, पुरुषाला कुठे जाऊ असते का? तर म्हणायची, ‘गप गं. दारात कोन व्हतं ते मला म्हाईत हाय.’”